सिटी ऑफ एम्बर: पडलेला पण भारी पिक्चर, आणि त्याबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरची. आमच्या भागातल्या पोरापोरींना सुट्टीच्या दिवशी प्रोजेक्टरवर पिक्चर दाखवते, आणि त्यात २००८ चा सिटी ऑफ एम्बर असतोच असतो. तो बघून झाला की पोरं विचारतात, पोरांचे आईबाप विचारतात, ज्यांना बघ म्हणून मागं लागते ते भाऊ-बहिणी विचारतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच. म्हणून इथं एकदाच सगळं लिहून ठेवते. मला हा पिक्चर मनापासून आवडतो आणि त्याच्यावर अन्याय झालाय असं माझं स्पष्ट मत आहे, तेव्हा बाजू घेऊनच लिहिणारे.

ताई, स्टोरी काय आहे? शेवट नका सांगू पण.

जमिनीखाली एक शहर आहे, त्याचं नाव एम्बर. वर जगावर काहीतरी भयानक आलं म्हणून काही शहाण्या माणसांनी, पिक्चरमध्ये त्यांना बिल्डर्स म्हणतात, हे शहर बांधलं आणि ठरवलं की दोनशे वर्षं माणसं खाली राहतील, मग वर येतील. वर कसं यायचं ते कागदावर लिहून एका पेटीत ठेवलं, पेटीला टायमर लावला, दोनशे वर्षं झाली की कुलूप आपोआप उघडणार. पेटी एका महापौरानं दुसऱ्याच्या हातात द्यायची असं ठरलं होतं, पण सातव्या महापौराच्या वेळेला ते तुटलं, पेटी कपाटात जाऊन पडली आणि टायमर शून्यावर आला तेव्हा बघायला समोर कुणीच नव्हतं.

आता मुदत कधीच उलटून गेलीय. शहर चालवणारा जनरेटर मोडकळीला आलाय, लाइट सारखी जायलीय, गोदामातले खाण्याचे डबे संपत आलेत, आणि गावातल्या एकाही माणसाला हे माहीत नाही की वर आकाश नावाचं काही असतं. लीना नावाची पोरगी आणि डून नावाचा पोरगा, दोघं नुकतेच शाळेतून बाहेर पडलेत. लीनाच्या घरात ती पेटी निघते, पण आतला कागद तिच्या छोट्या बहिणीनं चावून ठेवलाय, त्यामुळं सूचना अर्ध्यामुर्ध्याच हातात. इथून पुढं बघा.

कुणी काढलाय? पुस्तकावरून आहे का?

हो, जीन डुप्राऊ या अमेरिकन लेखिकेची २००३ ची कादंबरी आहे, कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेली. दिग्दर्शक गिल केनन, त्याचा याआधीचा मॉन्स्टर हाऊस हा ॲनिमेशनपट ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेला होता. पटकथा कॅरोलाइन थॉम्पसनची, जिनं एडवर्ड सिझरहँड्स लिहिला. निर्मात्यांमध्ये टॉम हँक्स. म्हणजे काही फालतू लोकांनी घाईघाईत उरकलेलं काम नव्हतं हे, हे आधी डोक्यात घ्या.

मग पडला कसा? पडला म्हणजे काहीतरी खराबच असणार ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. खर्च होता साधारण साडेपाच कोटी डॉलर आणि जगभरातून मिळून आले एक कोटी ऐंशी लाखाच्या आसपास. म्हणजे सरळ सरळ आपटला. समीक्षकांचं पण निम्म्यांना बरा, निम्म्यांना कसातरी असंच झालं.

पण तारीख बघा ना. १० ऑक्टोबर २००८. त्याच्या आधीच्या महिन्यात लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडालेली, अमेरिकेत लोकांच्या नोकऱ्या आणि घरं जायली होती, अशा वेळी "गावातलं अन्न संपत आलंय आणि वरचे लोक खोटं बोलायलेत" अशी स्टोरी घेऊन कोण पोराबाळांना थिएटरात नेणार? आणि दुसरं, कुमारवयीन पोरापोरींच्या डिस्टोपियाची, म्हणजे बिघडलेल्या भविष्यातल्या जगाच्या गोष्टींची, जी लाट आली ती नंतर आली. हंगर गेम्सची कादंबरीच मुळात सप्टेंबर २००८ मध्ये छापून आली, तिचा पिक्चर आला २०१२ ला, आणि मग त्या पाठोपाठ २०१४ पर्यंत डायव्हर्जंट, मेझ रनर, रांगच लागली. एम्बर या सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहिला आणि तेव्हा प्रेक्षकाला कळेचना की हा पिक्चर नेमका कुणासाठी आहे, लहान पोरांसाठी म्हणावं तर उदास, मोठ्यांसाठी म्हणावं तर हिरो-हिरोइन पोरं. हाच पिक्चर २०१३ ला आला असता तर लोकांनी डोक्यावर घेतला असता असं मला वाटतं. तिकीटबारीवर आपटला याच्यावरून तो चांगला की वाईट हे ठरत नाही, तेवढं तरी मान्य करा.

रिव्ह्यूमध्ये वाचलं की यात काहीच नीट सांगत नाहीत. वर नेमकं काय झालं? युद्ध? रोग?

नाही सांगत, आणि तेच बरोबर आहे. एम्बरमधल्या माणसांना जे माहीत नाही ते आपल्याला तरी का माहीत असावं? आपल्याला सुरुवातीला पेटीची गोष्ट कळते, म्हणजे त्यांच्यापेक्षा थोडंसंच जास्त, आणि त्या थोड्याशावरच तर सगळा ताण उभा आहे. वर अणुयुद्ध झालं की कसली साथ आली हे सांगितलं असतं तर आपण सगळा वेळ वरच्याचाच विचार करत बसलो असतो. पिक्चरला खालच्या माणसांबद्दल बोलायचंय.

तुम्ही म्हणता मराठवाड्याच्या माणसाला हा जास्त कळतो. ते कसं काय?

याचं उत्तर लांब आहे, बसा.

पिक्चरमध्ये लाइट जाण्याचे सीन आहेत. आधी दिवे लुकलुकतात, मग अख्खं शहर एका झटक्यात काळं, आणि लोक जिथं असतील तिथंच थांबतात. कुणी धावत नाही, आरडाओरडा नाही, नुसते उभे, कारण सगळ्यांना सवय झालीय आणि सगळ्यांना भीती पण आहे की या वेळी परत आलीच नाही तर? मग लाइट येते, लोक श्वास सोडतात आणि काही झालंच नाही असं दाखवत कामाला लागतात. परदेशातल्या समीक्षकाला हा नुसता एक सायफाय प्रसंग दिसला असेल. आपण लोडशेडिंगमध्ये वाढलेले लोक. खेड्यापाड्यात दहा-बारा तास लाइट नसायची, दहावीचा अभ्यास कंदिलावर नाहीतर एमर्जन्सी लॅम्पवर, आणि "आली आली" म्हणून गल्लीतून एकदम उठणारा तो आवाज. पोरांना मी हा सीन दाखवते तेव्हा आताच्या पोरांना तो नवीन असतो, पण मागं खुर्चीवर बसलेल्या त्यांच्या आज्या एकमेकींकडं बघतात.

आणि परळीचं औष्णिक केंद्र. वीज बनवायची तर पाणी लागतं आणि पाणीच नाही म्हणून २०१३ ला बंद, परत २०१५ ला बंद. कोळसा आहे, मशीन आहे, माणसं आहेत, पण पाणी नाही. एम्बरमध्ये उलटं आहे, तिथं खालून नदी वाहते आणि तिच्यावरच जनरेटर चालतो, पण मशीन समजणारा माणूस उरला नाही. दोन्हीकडं शेवट एकच, लाइट गेली.

मग २०१६ चं आमचं लातूर. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरवरून, एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली ती दहा वॅगनची, पाच लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं, म्हणजे टाकीजवळ पाच-सहा माणसांनी सोबत उभं राहायचं नाही. हे ज्यांनी बघितलं त्यांना एम्बरचं गोदाम दाखवून बघा. काउंटरवर माणसं रांगेत, हातात पिशव्या, मागायला जावं तर वस्तू संपलेली, आणि देणारा तोंड वर न करता नाही म्हणतो. त्या रांगेतल्या माणसांच्या चेहऱ्यावर जो एक भाव आहे ना, भांडायचं पण आहे आणि भांडून उपयोग नाही हे पण माहीत आहे, तो बेलफास्टमध्ये शूट केलेल्या पिक्चरमध्ये कसा काय आला मला माहीत नाही पण आलाय.

माझं एकच म्हणणं आहे या पिक्चरबद्दल. बाकीच्या डिस्टोपियात पोरं सरकार उलथवतात, बाण मारतात, एकमेकांना मारतात. इथं पोरं दुरुस्ती शोधतात. शहर कुणा दुष्टानं पाडलेलं नाही, ते नुसतं जुनं झालंय, आणि ज्यांनी बांधलं त्यांनी दिलेल्या सूचना मधल्या लोकांनी हरवल्या. संकट म्हणजे राक्षस नाही, संकट म्हणजे देखभाल न झालेली यंत्रणा आणि ती ठीक आहे असं सांगत राहणारे लोक. हे आपल्याकडं रोजचं आहे, आणि म्हणूनच मी म्हणते की आपल्या माणसांनी हा पिक्चर बघावा.

जमिनीखाली पाण्याचे पाइप, बोगदे, हे जरा अतीच नाही का वाटत?

संभाजीनगरला जाऊन पाणचक्की बघून या. मलिक अंबरनं सतराव्या शतकात सुरू केलेली नहर, डोंगराकडचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून शहरात आणायची, मध्ये मध्ये बंबे, म्हणजे पाण्याचे मनोरे, उभारलेले. पुढं त्याच पद्धतीवर पाणचक्की फिरली, पाण्याच्या जोरावर दळण. चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडं हे झालंय, तेव्हा एम्बरचे पाइप बघून मला तरी अती वाटलं नाही. उलट पाइपांचे सीन माझे सगळ्यात आवडते. डूनला तिथं काम मिळतं आणि त्याला वाटतं की आता जनरेटरला हात लावायला मिळेल, पण प्रत्यक्षात मिळतं काय तर गळणाऱ्या पाइपाला पट्ट्या मारणं. त्याच्यासोबत सुल नावाचा म्हातारा कामगार आहे, मार्टिन लँडाऊनं केलाय, जो कुठंही बसल्या जागी झोपतो. सुरुवातीला हसू येतं. नंतर कळतं की हा माणूस आयुष्यभर पॅचच मारत आलाय, पूर्ण पाइपलाइन कुठून कुठं जाते हे त्याला कुणी कधी सांगितलंच नाही आणि त्यानंही विचारलं नाही. शेवटाकडं हाच सुल पोरांसाठी उभा राहतो तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी येतं, दर वेळी येतं.

सायन्स पटतं का पण? दोनशे वर्षं डबाबंद अन्न टिकतं का?

नाही टिकत. हवेचं काय, सूर्यप्रकाश नाही तर तब्येतीचं काय, हे प्रश्न पण बरोबर आहेत, आणि पिक्चरकडं उत्तर नाही. मला चालतं. गोष्ट मशीनची आणि माणसांची आहे, डॉक्टरच्या रिपोर्टची नाही.

चिठ्ठ्या काढून काम वाटायचा सीन दुसरीकडून उचललाय म्हणतात.

आयुष्याचं काम दुसऱ्यांनी ठरवायचं ही कल्पना या प्रकारच्या बऱ्याच कादंबऱ्यांत आहे, ते खरंय. पण इथं एक फरक आहे आणि तो मोठा आहे. बाकी ठिकाणी कुणीतरी वरचा हुशार माणूस तुमची परीक्षा घेऊन, तुम्हाला पारखून काम देतो. एम्बरमध्ये तसं काही नाही, पिशवीत हात घालायचा, चिठ्ठी निघेल ते काम, संपला विषय. शहरातल्या हुशार पोराला जनरेटर दुरुस्त करायचाय आणि त्याच्या हातात निघते निरोप्याची चिठ्ठी. लीनाला गावभर धावायचंय आणि तिला निघतात पाइप. दोघं बाहेर येऊन आपसात चिठ्ठ्या बदलतात आणि तिथूनच सगळी गोष्ट सुरू होते, म्हणजे नियमात बसत नाही ते पहिलं काम हेच.

आता लातूरच्या पोरांना हा सीन दाखवून बघा. इथं लोक बाहेरगावाहून पोरं आणून ठेवतात, दहावी झाली की पीसीबी का पीसीएम, नीट का जेईई, बारावीच्या एका पेपरावर सगळं. चिठ्ठी नसते, मार्क असतात, मान्य, पण त्या स्टेजवर लीनाचा जो चेहरा पडतो तो बघून आमच्या इथली एक पोरगी जोरात म्हणाली, "हिचा बी नंबर नाही लागला." सगळे गप्प झाले होते. तिला मी काही समजावून सांगितलं नाही, गरज नव्हती.

लीना झालेली पोरगी म्हणजे ती मोठी हिरोइन का?

हो, सर्शा रोनन. शूटिंग झालं २००७ मध्ये तेव्हा ती १३ वर्षांची होती. ॲटोनमेंटसाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं ते या पिक्चरच्या रिलीजच्या आधी, आणि पुढं ब्रुकलिन, लेडी बर्ड, लिटल विमेनसाठी परत नॉमिनेशनं. लोक तिचे ते सगळे पिक्चर शोधून शोधून बघतात आणि हा सोडून देतात याचं मला वाईट वाटतं. यात ती जास्त बोलत नाही, धावते. लाल कपड्यातली निरोपी, अंधाऱ्या पिवळट शहरात तेवढाच एक लाल ठिपका पळतोय. निरोप देताना ज्याचा निरोप त्याच्याच सुरात म्हणून दाखवते. आजी विसरभोळी झालीय, बहीण लहान, घर हिच्यावर, आणि हे सगळं ती रडूनबिडून दाखवत नाही, नुसतं घरात शिरताना खांदे थोडे खाली येतात. एवढंच. तेवढ्यात कळतं.

डून झालाय हॅरी ट्रेडअवे. तो वयानं बराच मोठा दिसतो, हे मी मान्य करते. कादंबरीत दोघं बारा वर्षांचे आहेत. पण त्याचा राग खरा वाटतो मला, आणि डूनचं पात्रच रागावर आहे.

महापौर व्हिलन म्हणून पटतो का? बिल मरे तर कॉमेडीवाला.

म्हणूनच पटतो! तो ओरडत नाही, धमकी देत नाही, गडगडाटी हसत नाही. छान सूट, पोट सुटलेलं, हळू आवाज, "सगळं ठीक आहे, समिती नेमलीय, लवकरच अहवाल येईल" या पद्धतीची भाषणं. (इथं पुढं स्पॉयलर आहे, नको असेल तर खालच्या प्रश्नावर जा.) गावाचं राशन आटत चाललंय आणि याच्याकडं गुप्त खोलीत डब्यांचे ढीग, आणि तो एकटाच तिथं बसून खातो. त्या खाण्याकडं नीट बघा. चवीनं खात नाही तो. उद्या नसेल या भीतीनं खातो. म्हणजे याला कळलंय की शहर संपतंय, सगळ्यांच्या आधी कळलंय, आणि त्या माहितीचं त्यानं काय केलं तर स्वतःपुरता साठा केला. मला अशा व्हिलनची जास्त भीती वाटते, कारण असा माणूस कुठल्याही गावात कुठल्याही खुर्चीवर असू शकतो.

तो राक्षसी मोल, बिळात राहणारा प्राणी, कशाला घातलाय? तिथंच आमचं मन उडालं.

तुमचं बरोबर आहे. कादंबरीत तो नाहीच आहे. चिचुंद्रीच्या जातीतला वाटतो, नाकावर बोटांसारखे गुलाबी धुमारे, गाडीएवढा मोठा, आणि पाइपांच्या बोगद्यात पोरांच्या मागं लागतो. स्टुडिओला ट्रेलरमध्ये दाखवायला काहीतरी हवं होतं असा माझा अंदाज आहे. ज्या पिक्चरमध्ये संकट हेच की मशीन थकलंय, त्यात प्राणी आणून उभा केला की लक्ष भलतीकडं जातं, आणि महापौराचा शेवट पण त्याच्याच तोंडी दिलाय, म्हणजे त्या माणसाला गावासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं असतं ते राहून गेलं. हा पिक्चरचा सगळ्यात कच्चा भाग आहे.

पण मिनिटं मोजा. दीड तासाच्या पिक्चरमध्ये तो मोल किती वेळ आहे? थोडाच. तेवढ्यासाठी बाकीचं सगळं फेकून द्यायचं हे मला पटत नाही. माझी खरी तक्रार दुसरी आहे, पिक्चर पंधरा-वीस मिनिटं अजून लांब हवा होता. लीनाच्या आणि डूनच्या वडिलांचं जुनं प्रकरण, त्या दोघांनी मिळून बाहेर पडायचा प्रयत्न केलेला आणि त्यात लीनाचे वडील गेलेले, हे डूनचे वडील सांगतात, टिम रॉबिन्सनं ती भूमिका केलीय, आणि ते दोन-तीन वाक्यांत उरकतं. एवढा मोठा माणूस, एवढी मोठी गोष्ट, आणि लगेच पुढं पळापळ.

शहर एवढं खरं कसं दिसतं? कॉम्प्युटरवर केलंय का?

नाही, बांधलंय! बेलफास्टमध्ये, उत्तर आयर्लंडला, हार्लंड अँड वुल्फ नावाची जहाजं बांधणारी जुनी कंपनी, टायटॅनिक त्यांनीच बांधली, त्यांच्या यार्डात एक अवाढव्य इमारत आहे, पेंट हॉल म्हणतात, पूर्वी जहाजाचे भाग रंगवायची जागा होती ती. त्याच्या आत हे शहर उभं केलं. नंतर गेम ऑफ थ्रोन्सचं शूटिंग पण तिथं झालं, म्हणजे जागा किती मोठी असेल विचार करा. मार्टिन लेंग प्रॉडक्शन डिझायनर.

म्हणून दुसऱ्यांदा बघताना गोष्टीकडं लक्ष न देता नुसत्या भिंती बघा. रंग उडालेले, तारा लोंबकळलेल्या, वस्तू दहादा दुरुस्त करून परत वापरलेल्या, कपड्यांना जोड दिलेले. नवीन वस्तू बनतच नाही अशा गावात दोनशे वर्षांनी काय दिसेल याचा विचार कुणीतरी बसून केलाय. डूनच्या वडिलांच्या घरात तर मोडक्या वस्तूंतून केलेले जुगाड ठेवलेत सगळीकडं. आणि उजेड. सगळा उजेड वरच्या मोठ्या दिव्यांचा, पिवळा, कुठंच ऊन नाही. तासभर तोच पिवळा उजेड बघून बघून आपले डोळे पण एम्बरचे होतात, आणि ते शेवटी कामाला येतं.

हंगर गेम्स आवडला होता, हा आवडेल का?

मारामारीसाठी आवडला असेल तर नाही आवडणार. कॅटनिस घर कसं चालवते, बहिणीला कसं सांभाळते ते आवडलं असेल तर नक्की.

किती वर्षांच्या पोरांना दाखवावा? इंग्रजी कळत नसेल तर?

आठ-नऊच्या पुढं. मोलच्या सीनला लहानगी पोरं घाबरतात, आधी सांगून ठेवा. रक्तपात, घाण काही नाही. इंग्रजीचं म्हणाल तर मी मध्ये मध्ये थांबवते आणि सांगते, पण खरं सांगू का, पेटी, अंधार, रांग, नकाशा, नदी, या पिक्चरमध्ये महत्त्वाचं सगळं डोळ्यांना दिसतं, आमच्या शेजारच्या काकूंना इंग्रजीचा गंध नाही आणि त्यांनी महापौराला पहिल्याच भाषणात ओळखलं होतं.

शेवटाचं काय? एवढं काय आहे त्यात? (बघितला नसेल तर हे वाचू नका)

लीना, डून आणि लीनाची छोटी बहीण पॉपी नदीतून, पाण्याच्या भयानक लोंढ्यातून खाली खाली जातात आणि मग चढत चढत बाहेर येतात. बाहेर रात्र आहे. आता विचार करा, या पोरांनी आयुष्यात रात्र बघितलेली नाही, दिवस पण नाही, त्यांना एवढंच माहीत आहे की दिवे गेले की अंधार होतो. वर येऊन बघतात तर अंधारच. म्हणजे वर पण दिवे गेलेत. सगळं फुकट गेलं. ती बसून राहतात तिथंच, आणि आपल्याला, बघणाऱ्याला, माहीत आहे की थोड्या वेळात काय होणारे, आणि त्यांना सांगता येत नाही. मग क्षितिजावर उजळायला लागतं. दीड तासात पहिल्यांदा पिवळ्या बल्बचा नसलेला उजेड.

मला हा सीन कुठल्याही मोठ्या क्लायमॅक्सपेक्षा मोठा वाटतो कारण इथं कुणी जिंकत नाही. फक्त सकाळ होते. आणि त्यानंतर जे आहे ते पण तेवढंच चांगलं, पोरांना जमिनीत एक भगदाड सापडतं, त्यातून वाकून बघतात तर खूप खोल खाली आपलं शहर, बारीक बारीक दिवे. म्हणजे ज्याला आपण सगळं जग समजत होतो ते एवढं होतं. मग ती पळून नाही जात, निरोप लिहितात, दगडाला बांधतात आणि खाली टाकतात. डूनच्या वडिलांच्या हाताला तो लागतो. निरोपीचं काम पूर्ण झालं, बघा. लीनानं चिठ्ठी बदलून जे काम मागून घेतलं होतं ते तिनं शेवटी असं केलं.

पेटी हरवली यात चूक कुणाची? पोरं यावर लई भांडतात.

भांडू द्या. काही म्हणतात सातवा महापौर, काही म्हणतात बिल्डर्सचीच, एवढी महत्त्वाची गोष्ट एकाच माणसाच्या हातात ठेवतात का, चार ठिकाणी प्रती ठेवायच्या. मी दुसऱ्या बाजूची आहे. गावाला अंधारात ठेवून फक्त महापौराला सांगायचं, ही योजनाच चुकीची होती. सगळ्यांना माहीत असतं तर कुणीतरी आठवण ठेवली असती. एका पोरानं यावर मला उलट विचारलं की सगळ्यांना माहीत असतं की वर जग आहे, तर दोनशे वर्षं कुणी खाली थांबलं असतं का? त्याचं पण चूक नाही.

पुस्तक आधी वाचू की पिक्चर आधी बघू?

पिक्चर आधी. शहर एकदा डोळ्यांनी बघितलं की मग पुस्तक वाचताना ते डोक्यात तयार असतं, आणि पुस्तकात जे जास्तीचं आहे ते बोनस मिळतं. जास्तीचं म्हणजे गोदामात बल्ब किती उरलेत याची काळजी, शहर बंद कसं केलं आणि पहिली माणसं कशी आणली याची एक जुनी वही, सगळं शहर मिळून गातं त्या गाण्याच्या दिवसाचं वर्णन. पुस्तकातली लीना रंगीत पेन्सिलींसाठी वेडी आहे, कल्पनेतलं एक शहर ती सारखं काढत असते. पुस्तकात भीती हळूहळू चढते, पिक्चरमध्ये ती पळत येते.

दुसरा भाग आहे का?

पिक्चरचा नाही, आणि आता येईल असं वाटत पण नाही. पुस्तकांचे मात्र आहेत. दुसरं द पीपल ऑफ स्पार्क्स, २००४ चं, आणि मला विचाराल तर पिक्चर खरं म्हणजे त्याचा व्हायला हवा होता. एम्बरची शेकडो माणसं वर येतात, चालत चालत एका छोट्या गावात पोचतात. ते गाव कसंबसं स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं, धान्य बेताचं, आणि दारात ही एवढी उपाशी माणसं ज्यांना शेती येत नाही, ऊन सोसत नाही. गाव त्यांना काही महिने ठेवून घेतं, आणि मग आमचं खातात, तुम्ही आम्हाला शिळं देता, असं सुरू होतं. दुष्काळात आपली माणसं ऊसतोडीला, पुण्या-मुंबईला जातात तेव्हा तिथं त्यांना काय काय ऐकावं लागतं हे ज्याला माहीत आहे त्याला ते पुस्तक खाली ठेवता येणार नाही. इंग्रजी सोपी आहे, वाक्यं छोटी आहेत, आठवी-नववीच्या पोरांना डिक्शनरी सोबत घेऊन सहज जमेल, आणि कुणी त्याचं मराठी करायला घेत असेल तर मला सांगा, टायपिंग मी करून देते.